दोरी कुणी सरकवली? चियांग माईतले पाच महिने

डिसेंबरात परत आल्यापासून सात-आठ जणांनी तरी विचारलं, "लॅपटॉप घेऊन थायलंडात राहिलीस म्हणजे नेमकं काय केलंस? व्हिसा कुठला? पैसे किती?" प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकते. यात समुद्रकिनारा नाही. मी राहिले ते चियांग माई उत्तरेला, डोंगरांच्या कुशीत आहे आणि तिथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब.

मी यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिते. एक ग्राहक हॅम्बुर्गचा, दुसरा पुण्याचा. नोकरी नाही, कंत्राटं आहेत. काम कुठूनही होतं हे करोनानं सिद्ध केलंच होतं. "मग सांगलीतून का होत नाही?" हा आईचा प्रश्न रास्त होता आणि त्याला माझ्याकडे आजही नीट उत्तर नाही. चाळिशीच्या आत एकदा दुसरीकडे राहून बघायचं होतं, एवढंच.

मी गेले तेव्हा, 2025 मध्ये, भारतीयांना थायलंडात साठ दिवस व्हिसाशिवाय राहता यायचं. पुष्कळ जण तसेच जायचे आणि गुपचूप काम करायचे. मला ते नको होतं. विमानतळावर 'काय करता?' असं विचारल्यावर खोटं बोलायला मला जमत नाही, कान लाल होतात. 15 जुलै 2024 पासून तिथं डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) नावाचा व्हिसा सुरू झालाय. दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी तो सरळ आहे: पाच वर्षं चालतो, कितीही वेळा ये-जा करता येते आणि दर प्रवेशाला 180 दिवस राहता येतं. वय किमान वीस हवं, काम थायलंडबाहेरच्या लोकांचं हवं आणि खात्यात पाच लाख बाहत दिसायला हवेत. तेव्हाच्या भावानं हे साधारण तेरा लाख रुपये होतात. ते खर्चायचे नसतात, दाखवायचे असतात. पण दाखवायला आधी असावे लागतात. माझे एफडीत होते. मार्चमध्येच दोन एफडी मोडून बचत खात्यात आणल्या, थोडं व्याज गेलं.

अर्ज ऑनलाइन. महाराष्ट्रातल्यांचा मुंबईच्या थाई वकिलातीकडे जातो. 2 जून 2025 ला भरला: पासपोर्ट, फोटो, राहण्याचा पुरावा म्हणून आधार, दोन्ही कंत्राटं, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, केलेल्या कामाचे नमुने. शुल्क दहा हजार बाहतच्या आसपास, म्हणजे सव्वीसेक हजार रुपये, आणि अर्ज नाकारला तरी ते परत मिळत नाही. ते भरताना बोट जरा थबकलंच. चार दिवसांनी निरोप आला: सहा महिन्यांचं स्टेटमेंट द्या, बँकेच्या सही-शिक्क्यासह. बँकेत गेले तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, आता सगळं डिजिटल झालंय, शिक्का कोण मारतं?" दुसऱ्या दिवशी मॅनेजर असताना गेले. शिक्का ड्रॉवरमध्येच होता, पण शाईचा पॅड वाळलेला. मॅनेजरसाहेबांनी त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं आणि सतरा पानांवर सतरा फिकट शिक्के मारून दिले. 10 तारखेला ते चढवले आणि 19 जूनला व्हिसा मेलवर आला. त्याची छापील प्रत काढून ठेवा. फोनमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

कराचं आधी सांगते, कारण तो प्रश्न हमखास येतो. एका कॅलेंडर वर्षात 180 दिवस किंवा जास्त राहिलात, तर थायलंडच्या दृष्टीनं तुम्ही तिथले करनिवासी होता. 2024 पासून तर करनिवासी असताना परदेशात कमावलेला पैसा थायलंडात आणलात, तर तोही हिशोबात धरतात. मी जुलैत गेले आणि डिसेंबरात परतले, त्यामुळे तो आकडा ओलांडलाच नाही. इकडे आर्थिक वर्षात 182 दिवसांहून जास्त भारतातच भरत होते, म्हणून नेहमीसारखं इथंच विवरणपत्र. सीएनं दोन हजार घेतले आणि हेच सगळं कागदावर लिहून दिलं. ते दोन हजार वाचवू नका, प्रत्येकाचं गणित वेगळं असतं.

तिथं पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनपत्र भरायचं असतं, ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती दुसऱ्या कुणाची तरी आहे. 9 जुलैला बँकॉकला उतरले. इमिग्रेशनवर शिक्का पडल्यावर बाजूला होऊन तारीख वाचा, हे माझं हात जोडून सांगणं. तेव्हा भारतीय दिसला की हात सवयीनं साठ दिवसांवर जाऊ शकायचा. माझ्या शिक्क्यावर 4 जानेवारी 2026 होतं, म्हणजे बरोबर 180. मोजताना येण्याचा दिवस पहिला धरतात.

रात्रीच्या गाडीनं सकाळी चियांग माईला पोचले, तर गाव निम्मं बंद. त्या दिवशी 10 जुलै, आपली गुरुपौर्णिमा. त्यांच्याकडे त्या पौर्णिमेला आसाळ्ह बुचा म्हणतात. आषाढ पूजाच ती, उच्चार तेवढा बदललेला. दुसऱ्या दिवसापासून भिक्षूंचा वर्षावास, त्याचीही सुट्टी. म्हणजे दोन दिवस सरकारी कचेऱ्या बंद. प्रवास ठरवताना त्यांचं पंचांग बघायला हवं होतं. आपलंच बघितलं असतं तरी कळलं असतं!

खोली पहिल्या आठवड्यात पायी फिरून शोधली. निम्मानहेमिन रस्त्याला लॅपटॉपवाल्यांचं राज्य आहे, भाडीही तशीच. मला जुन्या गावाच्या खंदकाबाहेर, एका घराच्या आवारातली मागची खोली मिळाली. महिना साडेआठ हजार बाहत, दोन महिन्यांचं डिपॉझिट, वीज युनिटला सात बाहत. घरमालकीण साठीच्या पुढची. तिथं आईपेक्षा मोठ्या बाईला 'पा' म्हणतात, मावशी म्हणावं तसं. ओळख असो-नसो, नात्यानंच हाक मारायची, हे मला एकदम घरचं वाटलं. पावतीवर तिनं साल लिहिलं 2568. बुद्ध संवत् आपल्या इसवीसनापुढे 543 वर्षं चालतं. पहिल्यांदा मी गोंधळून 'हे काय?' असं विचारलं, तर ती आणखीच गोंधळली.

आता दोरी.

आवाराच्या कोपऱ्यात, तुळशीवृंदावनासारख्या खांबावर एक इवलंसं देऊळ होतं. त्याला सान फ्रा फूम म्हणतात. 'फूम' म्हणजे भूमीच. जागेच्या राखणदाराचं ते घर. समोर झेंडूची माळ, उदबत्ती आणि स्ट्रॉ घातलेली लाल फँटाची बाटली. राखणदाराला लाल फँटा आवडतो म्हणे. मला फार गंमत वाटली, फोटो काढून आईला पाठवला. आणि त्या खांबाच्या शेजारून भिंतीपर्यंत जी दोरी होती, तिच्यावर दर दोन दिवसांनी माझे धुतलेले कपडे वाळत घालत राहिले. आतले-बाहेरचे सगळे. ऊन तिथंच यायचं.

पा रोज सकाळी येऊन उदबत्ती लावायची, माझ्याकडे बघून हसायची. मी हसायचे. असे दोन आठवडे गेले. एका सकाळी बघते तर दोरी तिथं नाही. परसात, माझ्या खोलीमागे नवी निळी नायलॉनची दोरी ताणलेली आणि तिला बारा चिमटे. मला वाटलं, वा, बाई किती काळजी घेते! वाकून आभार मानले. तीही हसली.

कारण कळलं ते सप्टेंबरात, तिच्या भाच्याकडून. देवाजवळ, त्यातही माणसाच्या डोक्यापेक्षा उंचावर बाईमाणसाची अंतर्वस्त्रं टांगणं म्हणजे काय, हे सांगताना तो स्वतःच लाजत होता. "मग पा बोलली का नाही?" तो म्हणाला, "क्रेंग जाय." याचं इंग्रजी करायला तो धडपडला, पण मला शब्द लगेच सापडला: भीड. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आपण अवघडून राहायचं. आपल्या आज्या हेच करायच्या. फरक एवढाच, की तिथं अख्खं गाव भिडेनं वागतं. तुम्ही चुकलात तर कुणी सांगणार नाही. हसतील, आणि रात्री दोरी सरकवतील. त्या दिवसापासून मी हसण्याकडे बघायचं सोडलं आणि काय सरकलंय ते बघायला लागले.

तेव्हा कॅफेतलंही उलगडलं. पहिले दोन महिने मी एका छोट्या कॅफेत बसायचे. पासष्ट बाहतची एक कॉफी आणि साडेतीन तास, तेही खिडकीजवळच्या चार जणांच्या टेबलावर, कारण सॉकेट तिथं. (दोन पिनांचा आपला प्लग तिथं बसतो, लॅपटॉपचा तीन पिनांचा नाही. अॅडाप्टर घरूनच न्या.) चालवणारी मुलगी सतत पाण्याचा ग्लास भरून द्यायची. मी खूश. एका रविवारी आजी-आजोबा, सून, दोन पोरं दारात आली, आत नजर टाकली आणि गेली. त्या मुलीनं त्यांना वाकून वाय, म्हणजे हात जोडून नमस्कार, केलं, मग माझा ग्लास पुन्हा भरला. तेवढ्यात माझा हॅम्बुर्गचा कॉल सुरू होता, आणि आपण फोनवर बोलतो ते कसं, माहिती आहेच: पलीकडचा गावात असेल तर थेट गावाला ऐकू जावं असं. कॉल संपल्यावर जाणवलं, की कॅफेत आवाज फक्त माझाच होता.

दुसऱ्याच आठवड्यात सहकामाच्या जागेत महिन्याचे साडेतीन हजार भरले. महाग वाटतं, पण कॉलसाठी बंद खोली मिळते. थायलंड आपल्या दीड तास पुढे आहे. पुण्याची सकाळची बैठक अकराला यायची, जर्मनीचा दिवस दुपारी दोनला सुरू व्हायचा. ऑक्टोबरअखेर त्यांची घड्याळं मागे गेली की तीनला. संध्याकाळचे कॉल खोलीतून घेताना हेडफोन आणि हळू आवाज, कारण भिंती पातळ. कॅफेत नंतरही जायचे, पण कॉफी प्यायला.

त्याच कॅफेवालीनं एकदा विचारलं, मेन्यूचं इंग्रजी नीट करून देशील का, पैसे देते. जिभेवर 'हो' आला होता. पण डीटीव्हीवर तिथल्या कुणासाठी काम करता येत नाही, फुकटातही नको, असं मी आधीच वाचलं होतं. तिला तसं सांगितलं. तिनं मान डोलावली. 'क्रॅब' ऐवजी 'क्रॅप' छापलेला तो मेन्यू मी पाच महिने तसाच वाचत राहिले.

कागदपत्रांत दोन आकडे लक्षात ठेवायचे. एक टीएम तीस: परदेशी माणूस घरी राहायला आला, की चोवीस तासांत घरमालकानं इमिग्रेशनला कळवायचं असतं. बहुतेक छोट्या घरमालकांना हे माहीत नसतं किंवा ते विसरतात, आणि त्याची पावती नसली की पुढचं काम अडतं. पाला हे सांगायचं कसं? मी आल्या दिवशीच विचारायला हवं होतं. आठवडा गेल्यावर विचारलं तेव्हा तिचा चेहरा पडला, कारण उशिराचा दंड मालकाला. भाच्यानं ऑनलाइन भरलं, कार्यालयात आठशे बाहत दंड झाला. मी द्यायला गेले तर घेईना. मग ते पैसे पुढच्या भाड्याच्या पाकिटात न सांगता घातले. परत आले नाहीत. भीड अशीही चालते.

दुसरा टीएम सत्तेचाळीस: सलग नव्वद दिवस राहिलात की पत्ता कळवायचा. माझा नव्वदावा दिवस 6 ऑक्टोबर. पंधरा दिवस आधीपासून सात दिवस नंतरपर्यंत मुभा असते. पहिल्या वेळी प्रत्यक्ष जावं लागतं. 24 सप्टेंबरला, बुधवारी, सकाळी साडेसातला विमानतळाजवळच्या कार्यालयात पोचले. पुढे तिसेक जण. पासपोर्टच्या प्रती, टीएम तीसची पावती, फॉर्म. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. तशी पाटी कुठं दिसली नाही, पण बनियनवर आलेल्या एका गोऱ्या माणसाचं काम ज्या वेगानं चाललं होतं, ते मी बघितलं. माझं पावणेदहाला झालं. शुल्क नाही. पुढच्या तारखेची चिठ्ठी पासपोर्टला स्टेपल करून देतात, ती फाडू नका.

बाकी तेव्हाचा खर्च पटकन: लाल सोंगथाव, म्हणजे आपल्याकडच्या वडापसारख्या सामायिक गाड्या, गावात तीस बाहत. साधं जेवण पन्नास-साठ. पिण्याचं पाणी यंत्रातून लिटरला एक बाहत, बाटली आपली. एटीएममधून प्रत्येक वेळी 220 बाहत कापले जायचे, म्हणून एकदाच मोठी रक्कम काढायची. मी शाकाहारी आहे. पिवळ्या झेंड्यावर लाल थाई अक्षरांत 'जे' दिसलं की निर्धास्त. एरवी 'माय साय नाम प्ला' पाठ करा, माशाचा रस घालू नका म्हणून. तरी कधीतरी तो पोटात गेलाच असेल.

वारोरोट बाजारात माझ्याबद्दल बोलताना फळवाली 'खेक' म्हणाली. कोशात बघितलं तर खेक म्हणजे पाहुणा! मी दिवसभर हवेत. भाच्याला सांगितलं, तर तो पुन्हा अवघडला. शब्दाचा अर्थ पाहुणाच, पण भारतीय, अरब, मलय अशा सगळ्यांना एकत्र लावायचं ते लेबलही आहे, आणि नेहमीच मायेनं लावलेलं नसतं. वाईट वाटून घ्यायला मला तोंड नव्हतं. आपण मुंबई-पुण्यात 'भय्या' म्हणतो तेव्हा त्यात भाऊ किती असतो?

25 ऑक्टोबरच्या सकाळी पा काळ्या कपड्यांत दिसली. आदल्या रात्री राजमाता सिरिकित गेल्या होत्या, 93 वर्षांच्या. सरकारनं लोकांना नव्वद दिवस काळे किंवा साधे कपडे घालायला सांगितलं. परदेशी लोकांवर सक्ती नव्हती. पण बाजारात गेले तर रांगेत माझाच कुर्ता दिवाळीचा केशरी, चार दिवसांपूर्वी हौसेनं घातलेला. कुणी काही म्हटलं नाही. बघितलंही नाही, आणि ते न बघणं आता मला वाचता येत होतं. तिथंच दीडशे बाहतला साधा काळा टॉप घेतला आणि दुकानातच बदलला. राजघराण्याबद्दल तिथं चेष्टामस्करी करायची नसते, कायदा फार कडक आहे. पण पाचं रडणं कायद्याच्या धाकानं नव्हतं. ती टीव्हीसमोर बसून डोळे टिपत होती. मी शेजारी बसले. बोलायला पुरेशी भाषा नव्हती, ते बरंच झालं.

5 नोव्हेंबर, आपली त्रिपुरी पौर्णिमा, तिथं लॉय क्राथोंग. केळीच्या खुंटाच्या चकतीवर पानं-फुलं टाचून घरमालकिणीनं दोन द्रोण केले, एक मला दिला. काळ्या कपड्यांत आम्ही पिंग नदीवर गेलो. व्हिडिओवर आई म्हणाली, "अगं, हे तर कृष्णेच्या घाटावरचं दीपदान." पाला तिनं कॅमेऱ्यातूनच नमस्कार केला. 'पा'नंही वाय केलं.

14 डिसेंबरला निघाले. आदल्या दिवशी विजेचं मीटर दोघींनी मिळून वाचलं. 590 बाहत कापून डिपॉझिट तिनं पाकिटात घालून दिलं, वर तारीख 2568. निळी दोरी मी तशीच ठेवली. लाल फँटाची एक बाटली आणली होती. ठेवू का, असं खुणेनं विचारलं. तिनं झाकण काढलं, स्ट्रॉ घातली आणि तिचं तोंड देवळाकडे वळवून बाटली माझ्या हातात दिली.

परत कधी येणार, असं भाच्यातर्फे विचारलं. व्हिसा जून 2030 पर्यंत आहे. मी म्हटलं, काम बघून, बहुधा मार्चमध्ये. तशी ती भाच्याची वाट न बघता थेट माझ्याकडे वळली. फेब्रुवारी ते एप्रिल तिथं शेतं आणि रानं जळतात, धुरात डोंगर दिसेनासा होतो. तिनं गळ्यावर हात ठेवून खोकून दाखवलं आणि जोरात म्हणाली, "मीनाखोम, या मा!"

मीनाखोम म्हणजे मार्च. 'मा' म्हणजे येणं. आणि 'या', जे माझ्या सांगलीच्या कानाला आमंत्रण वाटलं, ते थाईत 'नको'. पाच महिन्यांत तिनं मला स्पष्टपणे नको म्हटलं ते हे पहिलंच.